नवीन ब्लेड टाकूनही वायपर थरथरतो, काचेवर फराटे राहतात: नक्की काय तपासायचं

तुम्ही लिहिलंय की दोन्ही ब्लेड नवीन टाकले, तरी ड्रायव्हरच्या बाजूचा वायपर वर जाताना टरटर उड्या मारतो, खाली येताना मात्र व्यवस्थित येतो. आणि दोन्ही वायपर फिरून गेले की काचेवर पांढुरका पडदा राहतो आणि एक-दोन सेकंदात विरून जातो, रात्री समोरून लाइट आला की काहीच दिसत नाही. गॅरेजवाला म्हणतोय मोटर बदला. मोटरला अजून हात लावू नका. तुम्ही सांगितलेल्या या दोन तक्रारी म्हणजे दोन वेगळे आजार आहेत, एकाचं कारण काचेवर आहे आणि दुसऱ्याचं आर्ममध्ये, म्हणजे ब्लेड ज्या दांड्याच्या टोकाला बसतं त्यात, आणि या दोन्हीला नवीन ब्लेड हा इलाज नाहीच. बरेच लोक एकामागून एक महागडे ब्लेड बदलत राहतात आणि काच मात्र एकदाही नीट साफ करत नाहीत, आर्मकडे तर कोणी बघतच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे समजून घ्या की ब्लेड काम कसं करतं. रबराच्या टोकाला एक पातळ पट्टी असते, तिला आपण ओठ म्हणू. वायपर वर जाताना हा ओठ मागे, म्हणजे खालच्या बाजूला झुकून फरफटत जायला पाहिजे, आणि खाली येताना वरच्या बाजूला झुकला पाहिजे. प्रत्येक फेरीच्या शेवटी तो पलटतो, ती जी बारीक टप आवाज येते ना ती त्याचीच. ओठाची धार सरळ कापलेली असते, त्या धारेच्या एकाच कडेने पाणी ओढलं जातं आणि मागे इतका पातळ थर राहतो की तो डोळ्याला दिसत नाही. आता हा ओठ जर पलटला नाही, किंवा काचेला चिकटून बसला, तर काय होतं की आर्म पुढे जातो, रबर मागे अडकून ताणलं जातं, मग एकदम सुटतं, परत अडकतं. फरशीवरून खुर्ची ढकलली की ती जशी टकटक उड्या मारत जाते तसंच हे. कारण थांबलेलं रबर हलवायला जेवढा जोर लागतो त्यापेक्षा सरकत असलेलं रबर सरकत ठेवायला कमी लागतो, त्यामुळे अडक-सुट, अडक-सुट चालू राहते. आणि सगळ्यात जास्त चिकटपणा कधी असतो, तर काच पूर्ण ओली असताना नाही, तर अर्धवट ओली असताना, म्हणजे रिमझिम पावसात किंवा पाऊस थांबल्यावर वायपर चालूच राहिला तर. म्हणून धो-धो पावसात शांत चालणारा वायपर भुरभुर पावसात ओरडतो, त्यात ब्लेड खराब झालं असं लगेच समजू नका.

आता तुमचा पांढरा पडदा. वायपर गेल्यामागे धुक्यासारखा थर येतो आणि लगेच उडतो, याचा अर्थ बहुतेक वेळा एकच, काचेवर तेलकट थर आहे. पाणी काचेवर सपाट पसरत नाही, त्याचे लाखो बारीक थेंब होतात आणि तोच तो पडदा. हा थर येतो कुठून तर पुढच्या गाडीचा धूर, रस्त्यावरून उडणारं तेलकट पाणी, वॉशिंगवाल्याने मारलेलं वॅक्स किंवा पॉलिश जे बॉडीवरून पुसता पुसता काचेवर पण फिरवलं जातं, टायरला चमक यायचं ते सिलिकॉन, झाडाचा चीक, चिकटून वाळलेले किडे. सिलिकॉन सगळ्यात वाईट, साध्या शांपूने ते जात नाही, नुसतं पसरतं. तपासायला सोपं आहे, गार काचेवर स्वच्छ पाणी ओता. पाणी एकसंध चादरीसारखं खाली उतरलं तर काच साफ. थेंब थेंब होऊन गोळा झालं, किंवा मध्येच बेटं पडली, तर तिथे काहीतरी बसलेलं आहे. हां, तुम्ही काचेला पाणी झटकणारं कोटिंग मुद्दाम मारलं असेल तर थेंब होणारच, त्याबद्दल खाली सांगतो.

त्याआधी अजून एक गोष्ट, आणि ही खरंच खूप जण विसरतात, काच आतून पुसा. डॅशबोर्डचं प्लास्टिक उन्हात तापलं की त्यातून वाफा निघतात आणि आतल्या बाजूला एक धुरकट थर बसतो. आतून बोट फिरवा, रेघ उमटली तर निम्मा त्रास आतच आहे, आणि तो वायपरने कसा जाणार. रात्री लाइटभोवती जे वलय दिसतं त्यात याचा वाटा मोठा असतो.

काच साफ करायची पद्धत. गाडी सावलीत, काच गार. आधी भरपूर पाण्याने धूळ घालवा, कारण धुळीवर घासलं की चरे पडतात. मग भांडी घासायचं लिक्विड पाण्यात थोडंसं टाकून मऊ स्पंजने अख्खी काच धुवा, वायपर जिथे थांबतो ती खालची पट्टी सुद्धा, तिथेच सगळ्यात जास्त घाण साठते आणि ब्लेड प्रत्येक फेरीला तीच घाण वर घेऊन जातं. स्वच्छ पाण्याने खळखळून धुवा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी अर्धं अर्धं करून मायक्रोफायबर कापडाने पुसा, कापड सारखं पलटत राहा, नाहीतर तेच तेल इकडून तिकडे. परत पाणी ओतून बघा. इतक्यावर झालं तर उत्तम. नाही झालं तर काचेचं पॉलिश, सेरियम ऑक्साइडवालं, ते ओल्या पॅडने हाताने फिरवा, कोरडं होऊ देऊ नका आणि एका जागी मशीन धरून बसू नका, समोरची काच दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पडदा असलेली असते, एकाच जागी गरम केली तर नुकसान होऊ शकतं. क्ले बार, म्हणजे चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, असेल तर तो पण चालतो, भरपूर साबणपाणी लावून. चार शून्य नंबरची, म्हणजे सगळ्यात बारीक, स्टील वूल पण ओल्या काचेवर चालते, पण तोच नंबर पाहिजे, घरातली भांड्याची घासणी अजिबात नाही, आणि कोटिंग किंवा फिल्म लावलेल्या काचेवर तर ती पण नको. जड पाण्याचे पांढरे डाग असतील तर साधा व्हिनेगर कापडावर घेऊन डागावर पाच-दहा मिनिटं ठेवा, मग धुवा. रंगावर ओघळू देऊ नका.

काय लावायचं नाही तेही सांगतो कारण हे सल्ले सगळीकडे फिरतात. रॉकेल, डिझेल, पेट्रोल, गंज काढायचा स्प्रे, यातलं काहीही रबरावर लावू नका. दोन दिवस रबर मऊ वाटतं, आवाज जातो, आणि मग ते फुगतं, वाकडं होतं आणि काचेवर तेल सोडत बसतं. बारीक सँडपेपरने धार घासायचा सल्ला पण देतात लोक, तो पण नको. नव्या ब्लेडच्या धारेवर बहुतेक वेळा ग्रॅफाइटचा पातळ थर असतो, त्यानेच ते सुरुवातीला शांत सरकतं. सँडपेपरने तो थर जातो आणि सरळ कापलेली धार गोल होते, मग बारीक बारीक रेघा कायमच्या. याच कारणासाठी नवीन ब्लेड अल्कोहोलने रगडून पुसू नका, नुसतं ओल्या मऊ कापडाने एकदा अलगद पुसलं की पुरे. जुन्या ब्लेडला साबणपाण्याच्या कापडात चिमटीत धरून एका दिशेने ओढा, कापडावर काळं येईल, काळं यायचं कमी झालं की थांबा. थोडं काळं येतच राहतं, रबरच आहे ते.

आता उड्या मारण्याचं. तुम्ही सांगितलेली सगळ्यात कामाची माहिती म्हणजे फक्त वर जातानाच थरथरतो. दोन्ही दिशांना थरथरला असता तर मी म्हटलं असतं काच, कोटिंग किंवा कडक झालेलं रबर. पण एकाच दिशेला थरथरतो आणि ब्लेड नवीन, म्हणजे बहुतेक आर्मला पीळ पडलाय. आर्मचं टोक काचेला समांतर नाही, त्यामुळे ब्लेड काचेवर काटकोनात उभं न राहता एका बाजूला कललंय. एका दिशेला जाताना ओठ छान मागे फरफटतो, दुसऱ्या दिशेला जाताना तो पलटतच नाही, धार पुढे करून काचेत रुतत जातो. हे होतं कशाने? वॉशिंग करताना आर्म धरून ओढला, कव्हर घालताना-काढताना अडकला, ब्लेड बदलताना क्लिप निघेना म्हणून पिळला, किंवा मशीन वॉशच्या ब्रशने. नवीन ब्लेड टाकल्यानंतरच थरथर सुरू झाली असेल तर बसवतानाच पिळला गेला असण्याची शक्यता मला जास्त वाटते. आधी क्लिप पण बघा, अडॅप्टर, म्हणजे ब्लेड आर्मला जोडणारा प्लास्टिकचा तुकडा, चुकीचा असेल तर ब्लेड आर्मच्या टोकाच्या हुकात डगमगतं आणि लक्षणं अगदी हीच येतात. ब्लेड धरून डावी-उजवीकडे हलवा, वर-खाली डोलायला हवं पण बाजूला खडखडायला नको.

क्लिप बरोबर असेल तर पीळ तपासा. काच ओली करून वायपर चालू करा आणि तो बरोबर मध्यावर आला की इग्निशन बंद करा म्हणजे तिथेच थांबेल. खालच्या थांब्यावर तपासू नका, कारण तिथे बऱ्याच गाड्यांमध्ये कोन मुद्दाम थोडा कललेला ठेवलेला असतो. आता काचेवर घडी घातलेला जाड टॉवेल ठेवा, आर्म उचला, ब्लेड काढा आणि हूक हळूच टॉवेलवर टेकवा. टॉवेल विसरू नका, ब्लेड नसलेला आर्म हातातून सुटला तर स्प्रिंगच्या जोराने काच तडकते, हे अगदी खरंच होतं. एका टोकाकडून डोळा लावून बघा, हुकाचा सपाट भाग काचेला समांतर आहे का. दुसऱ्या बाजूच्या चांगल्या आर्मशी तुलना केली तर फरक लगेच कळतो.

सरळ कसा करायचा याचा नियम एकच लक्षात ठेवा: ज्या दिशेला जाताना थरथरतो, त्या दिशेला ब्लेडची पाठ, म्हणजे रबराच्या विरुद्धची वरची बाजू, किंचित झुकली पाहिजे. तुमचा वर जाताना थरथरतो, म्हणजे आत्ता ब्लेडची पाठ खाली, बोनेटकडे कललेली असणार, ती थोडी छपराकडे आणायची. दोन ॲडजस्टेबल पाने घ्या, जबड्यांना कापड गुंडाळा, आर्म काचेपासून उचललेला ठेवा, एका पान्याने आर्मची पट्टी मधल्या भागात घट्ट धरा आणि दुसऱ्याने हुकाच्या जवळ अगदी थोडं पिळा. एका पान्याने कधीच करू नका, नाहीतर सगळा जोर खालच्या सांध्यावर आणि दांड्यावर जातो. दोन-तीन अंशांचाच खेळ आहे हा, डोळ्याला जेमतेम दिसेल इतका, स्टीलची पट्टी थोडी परत येते म्हणून थोडं जास्त पिळून सोडा, ब्लेड लावा, भरपूर पाणी मारून चालवून बघा, परत थोडं. आता खाली येताना थरथरायला लागला तर जास्त झालं, अर्धं मागे घ्या. वाकतो तो फक्त स्टीलच्या पट्टीचा भाग. काही गाड्यांत आर्म ओतीव ॲल्युमिनियमचा असतो, तो वाकत नाही, तुटतो, तिथे आर्मच बदलावा लागतो. आणि ज्या गाड्यांत आर्म बोनेटखाली लपलेले असतात त्यांना सर्व्हिस पोझिशन असते, बऱ्याच गाड्यांत इग्निशन बंद केल्यावर लगेच वायपरची काडी एकदा दाबली की आर्म वर येऊन थांबतात, तुमच्या गाडीचं मॅन्युअल बघा, जबरदस्तीने उचलून बोनेटचा रंग घालवू नका.

पीळ नाहीये आणि तरी थरथरतो असं निघालं तर मग आर्मचा दाब बघायचा. ढोबळ हिशोब असा की ब्लेडच्या दर सेंटिमीटरला साधारण १५ ग्रॅम, म्हणजे ६० सेंटिमीटरच्या ब्लेडला ९०० ग्रॅमच्या आसपास. लगेज मोजायचा हुकवाला काटा असतो तो आर्मला ब्लेडच्या जोडापाशी अडकवून काचेपासून सरळ बाहेर ओढा, ब्लेड काचेवरून सुटायला लागेल तेव्हाचा आकडा वाचा. खूप कमी आला तर स्प्रिंग ढिली झालीय किंवा आर्मचा बिजागरीसारखा सांधा गंजून जाम झालाय. सांधा जाम असेल तर स्प्रिंग चांगली असूनही ब्लेड काचेच्या गोलाईबरोबर वर-खाली होत नाही. तिथे पातळ तेलाचा एक थेंब, आर्म दहा-बारा वेळा वर-खाली, आणि उरलेलं तेल नीट पुसून घ्या, काचेवर किंवा रबरावर गेलं तर वर सांगितलेली सगळी सफाई परत. इथेच अजून एक सांगतो, लोक जास्त काच पुसली जावी म्हणून एक-दोन इंच लांब ब्लेड टाकतात. स्प्रिंग तीच, लांबी वाढली, म्हणजे प्रत्येक सेंटिमीटरवरचा दाब कमी, आणि वरून टोक काचेच्या जास्त गोल भागात जातं जिथे ते टेकतच नाही. कंपनीने दिलेली लांबीच टाका.

फराट्यांचा आकार बघून पण खूप कळतं. दर वेळी त्याच जागी एकच बारीक रेघ राहत असेल तर त्या ठिकाणी धारेला खाच पडलीय किंवा वाळूचा कण अडकलाय, नखाने चाचपून बघा. मध्ये किंवा टोकाला रुंद पट्टाच ओला राहत असेल तर ब्लेड तिथे काचेला टेकत नाहीये, फ्रेमवाल्या ब्लेडची फ्रेम वाकलीय किंवा फ्लॅट, म्हणजे फ्रेम नसलेल्या अखंड पट्टीच्या, ब्लेडची गोलाई तुमच्या काचेला जुळत नाही. फ्लॅट ब्लेडमध्ये हा प्रॉब्लेम जास्त येतो, ते एका ठरावीक वाकाचं बनवलेलं असतं आणि सगळ्या गाड्यांना चालतं असं पाकिटावर लिहिलेलं ब्लेड जास्त गोल किंवा जास्त सपाट काचेवर टोकं उचलतं. नुसतं रबर बदललं असेल तर आतल्या दोन धातूच्या पट्ट्या उलट्या बसल्यात का बघा, त्यांचा बाक काचेकडे पाहिजे. गाडी बरेच दिवस एकाच जागी उन्हात उभी असेल तर ओठ एका बाजूला वाकलेलाच राहतो, तो मग एका दिशेला थरथरतो आणि पीळ पडल्यासारखंच वाटतं. फरक ओळखायला आर्म उचलून ओठ बघा, मोकळा असताना तो सरळ मध्ये उभा राहायला हवा. कललेला असेल आणि कडक लागत असेल तर रबर गेलं, बदला. नेहमी वापरातल्या गाडीचं रबर सहा महिने ते वर्षभर धरून चला, उन्हात उभ्या गाडीचं त्याहून लवकर जातं.

कोटिंगवाल्या काचेचं सांगायचं राहिलं. पाणी झटकणारं कोटिंग मारल्यावर वेगात वायपर लागतच नाही हे खरं, पण कमी वेगात पाण्याची चादर नसल्यामुळे रबराखाली ओलावा कमी असतो आणि ते थरथरतं. बऱ्याचदा मूळ दोष कोटिंगचा नसतो, लावल्यावर ते नीट पुसून काढलेलं नसतं, त्याचा उरलेला धुरकट थर त्रास देतो. ओल्या कापडाने परत पुसून बघा, मग कोरडं. तरी थरथरला तर माझं मत स्पष्ट आहे, वायपरच्या पट्ट्यातलं कोटिंग पॉलिशने काढून टाका. स्वच्छ, साध्या काचेवर चांगल्या रबराइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. आरशाच्या मागे कॅमेरा किंवा पावसाचा सेन्सर असेल तर त्या समोरची जागा एकसारखी साफ राहील याची काळजी घ्या, आणि काच धुताना वायपर ऑटोवर ठेवू नका, हाताखालीच अचानक फिरतो.

वॉशरच्या टाकीत भांड्याचं लिक्विड किंवा शांपू टाकू नका. काच धुवायला ते चांगलं कारण आपण नंतर पाण्याने काढतो, टाकीतून आलेलं मात्र काचेवरच वाळतं, त्याचाच पडदा होतो आणि नोझल पण तुंबतात. काचेसाठी मिळतं तेच लिक्विड सांगितलेल्या प्रमाणात टाका. फवारा मधल्या भागात पडला पाहिजे, बोनेटवर किंवा छपरावरून मागे जात असेल तर बारीक सुईने नोझलची दिशा बदला. कोरड्या काचेवर वायपर फिरवायची सवय असेल तर सोडा, धार सगळ्यात जास्त तिथेच झिजते.

आणि आता मोटर. मोटर खराब झाली तर वायपर सगळ्या स्पीडला हळू चालतो, मध्येच थांबतो, थांब्यावर येत नाही, फ्यूज उडतो. एकच वायपर एकाच दिशेला थरथरला आणि दुसरा व्यवस्थित चालला तर मोटरचा संबंध नाही, कारण दोन्ही वायपर बहुतेक गाड्यांत एकाच मोटरवर आणि एकाच लिंकेजवर, म्हणजे मोटरपासून वायपरपर्यंत जाणाऱ्या दांड्यांच्या जोडणीवर, चालतात. लिंकेज मात्र बघून घ्या. इग्निशन बंद करून आर्मचं टोक धरा आणि फिरायच्या दिशेने पुढे-मागे हलवा. थोडी लवचिकता चालते, पण खट करून आवाज आला आणि मोकळा प्ले जाणवला तर आधी आर्मच्या बुडाचा नट बघा, टोपीखाली असतो, ढिला असेल तर आर्म ज्यावर बसतो ते दाते झिजायच्या आत आवळा. नट घट्ट असेल तर काचेच्या बुडाशी असलेलं प्लास्टिकचं कव्हर काढून लिंकेजच्या दांड्यांचे बॉल जॉइंट आणि बुश (सांध्यातल्या फिरत्या नळ्या) तपासायला सांगा, ते प्लास्टिकचे असतात, झिजतात, आणि बऱ्याच गाड्यांत मोटर न बदलता नुसतं लिंकेज मिळतं. कव्हर उघडलंच आहे तर खालचा पालापाचोळा काढून पाणी जायची भोकं मोकळी करून घ्या, तिथे पाणी तुंबलं की सांधे गंजतात आणि कधी कधी पाणी केबिनमध्ये पण येतं.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा की आधी काच आतून-बाहेरून, मग क्लिप, मग पीळ. काच साफ झाल्याशिवाय आर्मला पाना लावू नका, कारण तेलकट काचेवर आर्म सरळ आहे की नाही हे चालवून कळतच नाही. हे सगळं करून तरी वर जाताना थरथरला तर दोन्ही बाजूंच्या ब्लेडची लांबी, आर्म स्टीलचा आहे की ॲल्युमिनियमचा, आणि समोरची काच आधी कधी बदललीय का ते कळवा. काच बदलताना आर्म काढून परत बसवलेले असतात, ते एखाद्या दात्याने इकडे-तिकडे बसले किंवा दुसऱ्या काचेची गोलाई थोडी वेगळी आली तर हिशोब बदलतो.